नाशिकचें शरणपूर व त्याचे आफ्रिकी विद्यार्थी

ज्या नगरांत बसून आम्ही हा लेख लिहीत आहों, तें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद व त्याहूनही पूर्वींची खडकी, इ. स. १६१० मध्यें वसविणारा मलिक अंबर हा हबशी होता, हें महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. हबशाणांत जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून बगदादमार्गें दक्षिणेंत आला, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं राहिला, आणि पुढें तोच त्या बुडत्या राज्याचा आधार झाला. दास्यांतून निघालेल्या एका आफ्रिकी पुरुषानें दख्खनेस काय दिलें, याचा हिशेब नहर-इ-अंबरीपासून खुलताबादच्या कबरीपर्यंत डोळ्यांपुढें उभा आहे. याच्या उलट बाजूचा जमाखर्च मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. महाराष्ट्रांत विद्या संपादून आफ्रिकेस परत गेलेल्या माणसांनीं त्या खंडासाठीं काय केलें, हा तो जमाखर्च होय. त्याचें मूळ नाशिकजवळच्या शरणपुरांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याससुद्धां पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान व इराणी आखाताकडे माणसांचा व्यापार चालू होता. इंग्रजी आरमाराचीं जहाजें अरबी गलबतें पकडीत, आणि त्यांवरील बंदिवानांस पुष्कळदां मुंबईच्या बंदरांत उतरविलें जाई. मोठीं माणसें चाकरीस लागत. मुलांचा प्रश्न अवघड असे. त्यांतील कांहीं मुलें मिशनांच्या स्वाधीन होत. मुंबईंत त्यांचा सांभाळ करणाऱ्यांत चर्च मिशनरी सोसायटीचे जर्मन पाद्री कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हे प्रमुख होते. हे गृहस्थ पूर्वीं हबशाणांत होते. तेथून त्यांस निघावें लागलें. त्यांनीं रचिलेला अम्हारी भाषेचा कोश १८४१ सालीं छापला गेला. आफ्रिकेंत जें कार्य त्यांस करूं दिलें गेलें नाहीं, तेंच मुंबईच्या धक्क्यावर त्यांच्यापुढें येऊन उभें राहिलें!

इकडे नाशिकास त्याच सोसायटीचें ठाणें १८३२ पासून होतें. तेथें विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ सालीं शहराबाहेर शरणपूर हें गांव वसविलें. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्या काळीं घर, पंगत व पिढीजात धंदा हीं तिन्ही एकदम अंतरत. म्हणून राहण्यास जागा आणि हातास काम देणारी वसाहत हवी होती. अनाथ मुलांचा आश्रमही तेथें होता. १८६० च्या सुमारास आयझेनबर्ग यांचा आफ्रिकी आश्रम मुंबईहून येथेंच हलविण्यांत आला. पुढें औरंगाबादेसही याच सोसायटीचें ठाणें झालें, व तें रतनजी नौरोजी या पारशी ख्रिस्ती पाद्र्यांनीं दीर्घकाळ चालविलें. तेव्हां गोदावरीच्या खोऱ्यांतील हें एकच सूत्र होतें, हें ध्यानांत यावें.

शरणपूर या नांवाचा येथें थोडा विचार करूं. बायबलांतील आश्रयनगरांची कल्पना त्यांत आहे, हें उघड आहे. तथापि शब्द संस्कृत आहे, आणि त्याचा अर्थ संस्कृतांतूनच पाहिला पाहिजे. अमरकोशकारांनीं 'शरण' या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत: एक घर आणि दुसरा रक्षणकर्ता. शरणपुरांतील मुलांस पहिला अर्थ तत्काळ लाभला. दुसरा अर्थ त्यांच्या ठायीं उतरला कीं नाहीं, म्हणजे ज्यांचें रक्षण झालें ते पुढें स्वतः रक्षणकर्ते झाले कीं नाहीं, यावरच त्या संस्थेच्या शिक्षणाची परीक्षा केली पाहिजे, असें आमचें मत आहे. चालकांचे अहवाल हे त्या बाबतींत गौण प्रमाण होत. शिष्यांची कृति व शिष्यांचे लेख हें मुख्य प्रमाण होय.

शिक्षणाचें स्वरूप साधें होतें. मराठी, हिंदुस्तानी व इंग्रजी या भाषा, ख्रिस्ती धर्माचे पाठ, आणि मुलांस लोहारकाम व सुतारकाम, मुलींस शिवण व घरकाम. ज्यास जात नाहीं, नातलग नाहीं व शेत नाहीं, त्यास कसब हेंच वतन. हा हिशेब त्यामागें होता. या विद्येची किंमतही मुलांनीं मोजली. बालपणींच हिरावून आणल्यामुळें कित्येकांची मायबोली गेली. बाप्तिस्म्याच्या वेळीं इंग्रजी नांवें मिळालीं, आणि आईबापांनीं ठेवलेलीं नांवें बहुतेक लुप्त झालीं. धर्म निवडण्याचें त्यांचें वय नव्हतें. उपकाराच्या वर्णनांत ही बाजू झांकून जातां कामा नये.

आतां कृतीकडे वळूं. शरणपूरच्या आश्रमांतून आफ्रिकेकडे गेलेले पहिले प्रसिद्ध पुरुष म्हणजे विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर. आयझेनबर्ग यांचे हबशाणांतील सोबती क्राफ यांनीं मोंबासाजवळ राबाई येथें ठाणें उभारलें होतें, व तेथें त्यांचे सहकारी रेबमान हे काम करीत होते. १८६४ सालीं हे दोघे तरुण तेथें गेले. पुढील वर्षीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे मुंबईस आले असतां नाशिकासही जाऊन आले, आणि १८६६ च्या आरंभीं निघालेल्या त्यांच्या शेवटच्या प्रवासांत नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. या नऊंची सर्वांचीच कथा निष्ठेची नाहीं. वाटेंत कोणी मेले, कोणी सोडून गेले, आणि शेवटपर्यंत एडवर्ड गार्डनर व नॅथॅनिएल कुंबा ऊर्फ मब्रुकी हे दोघे टिकले. १८७२ सालीं नाशिकचे आणखी सहा जण त्यांस जाऊन मिळाले: जेकब व जॉन वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन व बेंजामिन रटन.

१८७३ च्या मे महिन्यांत, हल्लींच्या झांबियांतील चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. त्या वेळीं जवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखालीं त्या मंडळींनीं हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, देह वाळवून सालींत गुंडाळला, आणि सुमारे नऊ महिने चालत तो बागामोयोच्या किनाऱ्यास आणला. वाटेंत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरन यांनीं देह तेथेंच पुरावा असें सुचविलें. तें या लोकांनीं मानलें नाहीं. अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइट यानें वाचली. झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला तोही त्यानेंच.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या लेखाकडे विशेष लक्ष द्यावें. त्यांत लिव्हिंग्स्टन यांचें नांव व ४ मे १८७३ ही तिथि असून खालीं यझुझा, म्नियासेरे व वचोपेरे अशीं सोबत्यांचीं तीन आफ्रिकी नांवें आहेत. कोरणाऱ्यानें आपलें नांव घातलेलें नाहीं. बुंध्याचा तो भाग पुढें कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यांत आला. उलट पक्षीं वेस्टमिन्स्टर ॲबींत, जेथें १८ एप्रिल १८७४ रोजीं दफन झालें व वेनराइट हा शवपेटीच्या मानकऱ्यांत होता, तेथील शिळेवर मृत्यूची तारीख १ मे अशी आहे. आणि देह आणणाऱ्यांचा उल्लेख विश्वासू हात एवढाच आहे. हातांस नांवें नाहींत. अरण्यांतल्या झाडानें जें राखलें, तें राजधानीच्या शिळेनें गाळलें.

दोन तारखांपैकीं ग्राह्य कोणती? १ मे ही तारीख सुसी व चुमा यांच्या तोंडच्या हकीकतीवरून संपादक होरेस वॉलर यांनीं स्वीकारली. लिव्हिंग्स्टन यांची स्वतःची शेवटची नोंद २७ एप्रिलची आहे. वेनराइटची दैनंदिनी मात्र ४ मे १८७३ पासून १८ फेब्रुवारी १८७४ पर्यंत चालते, आणि झाडावरचा लेख तिच्याशीं जुळतो. समकालीन लिखित पुरावा व मागाहून सांगितलेली आठवण यांत पहिला प्रबल, हा आमच्या शास्त्राचा नेहमींचा न्याय आहे. ४ मे ही तिथि देहांताची मानावी कीं क्रियेची, हा विकल्प त्यांतही राहतो. पण निर्णय करावयाचा तर तो नाशिकांत अक्षर गिरविलेल्या लेखकाची नोंद पुढें ठेवूनच करावा लागेल. या दैनंदिनीचें जर्मन भाषांतर १८७४ मध्येंच गोठा येथील भूगोलविषयक नियतकालिकांत आलें. मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडांत ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन जन्मस्थान संग्रहालयांत आहे, व २०१९ मध्यें तें जगास वाचावयास खुलें झालें. कॅरस फरारनें लिहिलेली मृत्यूची हकीकत १९५० मध्यें युगांडा जर्नलांत छापली गेली. एकाच प्रसंगाचे दोन लेखी साक्षीदार, आणि दोघेही एकाच पाठशाळेचे!

याच सुमारास शरणपूरच्या इतिहासास दुसरें वळण मिळालें. मुंबईचे पूर्वींचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेर हे झांझिबारास वकील होऊन गेले, आणि जून १८७३ मध्यें सुलतान बर्घश यानें दासांची समुद्रमार्गें निर्गत बंद करण्याचा तह केला. आतां मुक्त झालेल्यांस मुंबईस आणण्याचें कारण उरलें नाहीं. त्यांच्यासाठीं आफ्रिकेंतच वसाहत हवी झाली. प्राइस हे १८७४ च्या अखेरीस मोंबास्यास पोंचले, आणि समोरच्या किनाऱ्यावर फ्रेरटाउन वसलें. तिकडे गेलेल्या सुमारे दीडशें 'बॉम्बे आफ्रिकनां'नीं शिक्षक, लोहार, सुतार व दुभाषे म्हणून त्या वसाहतीचा पाया घातला. तेथें १८८८ मध्यें निघालेली धर्मशिक्षणशाळा १९३० सालीं लिमुरू येथें गेली, व आज ती सेंट पॉल्स विद्यापीठ या नांवानें चालते. फ्रेरटाउनची घंटा ज्या ठिकाणीं आहे त्यास अद्यापि केंगेलेनी, म्हणजे घंटेजवळची जागा, असें म्हणतात. या मुक्तजनांपैकीं एकाचे पुत्र जेम्स म्बोटेला यांनीं १९३४ मध्यें स्वाहिली भाषेंत दासांच्या मुक्तीचें पुस्तक लिहिलें.

सर्वच गोड होतें असें नाहीं. वसाहतींत फटक्यांच्या शिक्षा होत, त्याचा बोभाटा झाला व १८८१ च्या सुमारास प्राइस यांस पुन्हां तिकडे जावें लागलें. जोन्स व सेम्लर यांस दीक्षा मिळण्यास १८८५ साल उजाडलें. सेवेस तोंवर एकवीस वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन हे बुगांड्याच्या वाटेवर मारले गेले, तेव्हां मागें राहिलेला काफिला सुखरूप राबाईस परत आणणारा पुढारी जोन्सच होता.

आणि आतां त्या दुसऱ्या अर्थाकडे. धन्यांकडून पळालेल्या दासांस आश्रय देऊं नये, असा मिशनच्या वरिष्ठांचा दंडक होता; मोंबास्याच्या धन्यांशीं वैर त्यांस परवडणारें नव्हतें. राबाईस जोन्स यांच्या कारकीर्दींत मात्र पळून आलेल्यांस थारा मिळत गेला. १८८८ मध्यें धनी चिडून उठले, तेव्हां राबाई व आसपासच्या मिशनांत मिळून चौदाशेंहून अधिक पळालेले दास राहत असल्याचें निघालें. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनीं धन्यांस भरपाई देऊन तंटा मिटविला, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं राबाईस त्या लोकांस मुक्तिपत्रें वाटलीं. कागदावर नांव कंपनीचें; पण इतकीं माणसें त्या दिवसापर्यंत तगलीं तीं एका शरणागतानें नियमापेक्षां 'शरण' शब्द मोठा मानला म्हणून. ज्याला घर मिळालें होतें तो रक्षणकर्ता झाला. अमरकोशांतील दुसरा अर्थ येथें पुरा होतो.

मॅथ्यू वेलिंग्टन हा मोंबास्यास १९३५ मध्यें वारला, आणि त्या मंडळींतला अखेरचा धागा तुटला. आफ्रिकेकडील व विलायतेकडील कागद बऱ्याच अंशीं छापले गेले आहेत. नाशिकच्या बाजूचें साधन म्हणजे त्या काळचे शाळांचे पट, बाप्तिस्म्याच्या वह्या व मिशनांतील मराठी पत्रव्यवहार. रद्दीच्या बाजारांत मोडी दप्तरांबरोबर असे कागद येतात, आणि पाद्र्यांचे म्हणून त्यांस कोणी उचलीत नाहीं. सनदा व बखरी जितक्या आस्थेनें आपण राखतों, तितक्याच आस्थेनें हे कागद राखले पाहिजेत. कारण वेस्टमिन्स्टरच्या शिळेनें गाळलेल्या हातांचीं नांवें सांगणारें एखादें पान त्यांतूनच हातीं यावयाचें आहे. इत्यलम्.