पणजोबा महायुद्धात होते? मोबाइलवरून त्यांची नोंद अशी शोधा

नोकरीसाठी पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला आलेल्या कितीतरी घरांची मुळं सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या गावांत आहेत. याच गावांतून दोन्ही महायुद्धांत मोठी भरती झाली. पहिल्या महायुद्धात 13 लाखांहून जास्त, तर दुसऱ्यात सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते. घरात मात्र 'पणजोबा लढाईला गेले होते' एवढंच एक वाक्य उरलेलं असतं. कुठे गेले, कुठल्या पलटणीत होते, हे तुम्ही आज मोबाइलवरून बऱ्यापैकी शोधू शकता.

1) सर्चच्या आधी घरातली पेटी उघडा

नुसत्या नावावर शोध घेतला, तर एकाच नावाचे अनेक शिपाई समोर येतात. खरी किल्ली म्हणजे सर्व्हिस नंबर आणि पलटणीचं नाव. ते कुठे मिळेल?

- मेडल: पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या भारतीय मेडलवरही बहुधा नाव-नंबर असतो. कॅमेरा मॅक्रो मोडवर ठेवा, बाजूने उजेड टाका आणि फोटो काढा. मेडल घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.
- तारा: सहा टोकांच्या मेडलवर आफ्रिका, इटली की बर्मा, ते वाचा. ते कुठल्या आघाडीवर होते हे तिथेच कळतं.
- कागद: डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, जुनी पत्रं स्कॅन करून ठेवा.
- माणसं: गावाकडच्या आजी-आजोबांशी बोला आणि त्यांच्या परवानगीने रेकॉर्डिंग करा. कागद पुढच्या वर्षीही सापडेल, आठवणीचं तसं नाही.

गावी गेलात तर जुनी चावडी, शाळा, देवळाचा परिसर बघा. 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले' अशी संगमरवरी पाटी अनेक गावांत आहे.

2) युद्धात मृत्यू झाला असेल तर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट उघडा (सीडब्ल्यूजीसी डॉट ओआरजी). 'फाइंड वॉर डेड' हा सर्च मोफत आहे. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत्यू त्यात आहेत. फिल्टरमध्ये भारतीय सैन्याचा पर्याय निवडा. नोंद उघडली की तारीख, हुद्दा, पलटण आणि स्मारकाचं नाव दिसतं. अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. आपलाच माणूस आहे का, हे त्या ओळीवरून ठरवा.

सराव म्हणून नाईक यशवंत घाडगे यांची नोंद शोधून बघा. रायगड जिल्ह्यातले हे जवान 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे.

खडकीचं वॉर सिमेट्री आपल्या जवळ आहे म्हणून थेट तिथे जाऊन नाव शोधू नका. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या मुख्यतः पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी एकत्र आणलेल्या आहेत. इटलीत किंवा इराकमध्ये गेलेल्या माणसाची नोंद तिथल्याच स्मारकावर असते. हिंदू सैनिकांचं दहन होत असल्यामुळे कबर नसणंही स्वाभाविक आहे. इटलीतल्या सांग्रो नदीजवळच्या दहन-स्मारकावर 500 हून जास्त भारतीय सैनिकांची नोंद आहे.

3) सगळा घोळ स्पेलिंगचा

- पलटणीच्या नावात 'मराठा'चं जुनं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं आहे. मधला 'एच' आणि दोन 'टी' विसरू नका.
- पहिल्या महायुद्धात 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या नंबरच्या मराठा पलटणी होत्या. 1922 मध्ये त्या एकत्र होऊन '5वी मराठा लाइट इन्फंट्री' झाली.
- पुणे म्हणजे पी-ओ-ओ-एन-ए. रायगड तेव्हा कुलाबा होतं. चाकणसाठी तालुका 'खेड' टाकून बघा.
- आडनाव मिळत नसेल तर पूर्ण नाव आडनावाच्या चौकटीत टाका. मग फक्त पहिलं नाव टाका. अनेक शिपायांची आडनावं लिहिलेलीच नाहीत.

4) ते जिवंत परत आले असतील तर

वरच्या साइटवर ते नसणारच, म्हणून निराश होऊ नका. शिपायांची कागदपत्रं त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, तर बॉम्बे सॅपर्सचं इथेच खडकीला आहे. नंबर, नाव, गाव आणि तुमचं नातं लिहून पत्र पाठवा. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राज्याकडून मदत मिळते, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा.

पलटण माहीत असेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या 'डिस्कव्हरी' कॅटलॉगमध्ये तिची वॉर डायरी शोधा. पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ 95, इटलीसाठी डब्ल्यूओ 170, बर्मासाठी डब्ल्यूओ 172. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच असतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं. भारत सरकारच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवरही जुन्या लष्करी फाइल्स शोधता येतात.

5) एक सावधगिरी

'रेकॉर्ड काढून देतो' म्हणून कुणी आधार किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. मृतांच्या नोंदी बघायला यातलं काहीच लागत नाही.

हे करायचं कशासाठी?

इराकमधल्या बसरा स्मारकावर 40 हजारांहून जास्त जणांची आठवण जपली आहे. पण तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र फक्त आकडा. अशी असमान वागणूक दिली गेली, हे कमिशनने 2021 च्या अहवालात मान्य केलं. त्या शिपायांची नावं दगडावर नाहीत, ती नोंदवहीत आणि आता सर्चमध्ये आहेत. तुमच्या माणसाची नोंद सापडली की स्क्रीनशॉट घ्या, खाली गाव आणि नातं लिहा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.