राखेचा रस्ता कच्चा नाही

‘कचऱ्यापासून केलेला रस्ता कच्चाच असणार’ हे मत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागायची कुणाला गरज वाटत नाही. हे मत मांडणारे बेजबाबदार नाहीत. त्यांचे म्हणणे असे: वीजकेंद्राची राख आणि पोलाद कारखान्याची मळी कारखानदारांना नकोशी झाली आहे, ती रस्त्याखाली दडपून ते मोकळे होतात, आणि खचलेला रस्ता व दूषित विहीर लोकांच्या पदरी पडते. शंका रास्त आहे. निष्कर्ष टिकत नाही.

दिल्लीच्या दुसऱ्या निजामुद्दीन पुलाचा पोहोचमार्ग पाहा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा भराव राखेने घातला गेला. लांबी सुमारे १.८ किलोमीटर, उंची ६ ते ९ मीटर. आणि जागा कोणती? यमुनेचे पूरक्षेत्र. राजधानीची वाहतूक आजही त्यावरून चालते. दाबून बसवलेली राख मातीहून हलकी असते, त्यामुळे खालच्या मऊ जमिनीवर भार कमी येतो. ज्याला उणेपणा म्हटले, तोच इथे गुण ठरला.

मळीवरचा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. पोलादाच्या मळीत मोकळा चुना असतो. पाणी लागले की तो फुगतो आणि वरचा डांबरी थर फाटतो. ताजी मळी अंथरली तर रस्ता उखडेल, हे खरेच. पण चुनकळी न विरवता गिलावा करणाऱ्या गवंड्याने भिंत फुगल्यावर चुन्याला दोष द्यावा काय? मळी आधी पाण्याने वा वाफेने मुरवली, तिच्यातले लोखंड काढले, ती चाळली, की उरते ती कंगोरेदार, टणक खडी. सुरतजवळ हजिऱ्याला केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली अशी सुमारे १ लाख टन मळी वापरून सहापदरी रस्ता झाला. २०२२ मध्ये तो खुला झाला. २०२४ च्या आरंभी मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यातही १ किलोमीटरचा तुकडा झाला. त्याचा निवाडा कोकणचे पावसाळे करतील. आजच ढोल वाजवण्याचे कारण नाही.

राहिला विषाचा मुद्दा. राखेत आर्सेनिकसारखी घातक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, म्हणून तपासणी हवी आणि भराव भूजलाच्या पातळीच्या वर हवा. यात तडजोड नको. परंतु रस्त्यात घातली नाही म्हणून राख नाहीशी होते काय? जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शिवारात शिरले. मातीच्या आवरणात दाबून, डांबराखाली कोरडी ठेवलेली राख धोक्याची, की तलावात भिजत पडलेली? वाचकांनीच ठरवावे.

ठरवण्यापूर्वी घराच्या बांधकामातली सिमेंटची एखादी रिकामी गोणी मात्र पाहावी. तिच्यावर राखमिश्रित ‘पीपीसी’ असे छापलेले असेल, तर भारतीय मानकानुसार त्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राखच आहे.