कूपरची आशा

श्रद्धा आणि विषाद यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नसते, हे इंग्रज कवी विल्यम कूपर याचे चरित्र वाचताना आमच्या ध्यानात आले. १७६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधील एका पदासाठी सभागृहासमोर परीक्षा द्यावी लागणार, या धास्तीने तो खचला. त्याने आत्महत्येचाही प्रयत्न केला. पुढे सेंट ऑल्बन्स येथे डॉ. कॉटन यांच्याकडे उपचार घेत असता, १७६४ मध्ये बायबलातील ‘रोमकरांस पत्र’ वाचताना त्याला ख्रिस्ताच्या क्षमेची प्रचीती आली. ओल्नी गावी धर्मोपदेशक जॉन न्यूटनच्या सहवासात तो स्तोत्रे रचू लागला. मात्र १७७३ मध्ये विषाद परतला, तो श्रद्धेचीच भाषा घेऊन: देवाने आपल्याला कायमचे टाकले, अशी त्याची समजूत झाली. १८०० साली मृत्यू येईपर्यंत ती पुरती गेली नाही.

मग ती आशा खोटी होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या आजारात न्यूटनने त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले; मेरी अन्विनने शुश्रूषा केली. १७७९ मध्ये ‘ओल्नी हिम्स’ प्रसिद्ध झाले. त्यांतील त्याची काही स्तोत्रे आजही चर्चमध्ये गायिली जातात. ज्या आशेवर त्याचा स्वतःचा विश्वास उरला नव्हता, ती इतरांनी त्याच्यासाठी जपली.