एका टेबलाचा डाव

घाटकोपर पूर्वेला आमच्या जुन्या इमारतीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन मजल्यांवर दोन तऱ्हेचे पत्ते चालत. आमच्याकडे मेंढीकोट नाहीतर झब्बू, पैशाविना. वरच्या मजल्यावर गुजराती शेजाऱ्यांकडे तीन पत्ती, चार-चार आण्यांच्या बूटवर. तिथल्या एक वयस्क मासी दहातले आठ डाव पत्ते पाहिल्या पाहिल्या ‘पॅक’ म्हणत खाली ठेवायच्या. सगळे हसायचे. मध्यरात्रीपर्यंत ब्लाइंड खेळणारे तरणेबांड पुरुष उसनवारीवर आलेले असत आणि मासींचा बटवा होता तसाच असे. मला त्या भित्र्या वाटत. तीन पत्तीत त्यांच्या पॅकला किती अर्थ होता हा वेगळा प्रश्न. पण पुढे मी ज्या खेळाच्या नादी लागलो, त्यात पॅक म्हणण्यालाच सगळी किंमत आहे. तो खेळ म्हणजे संगणकावरची एका टेबलाची पोकर स्पर्धा. हा लेख तिच्या गणिताचा इतिहास आहे, आणि थोडासा माझाही.

आधी कायदा. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती, आणि तेव्हापासून आपल्याकडचा वाद एकाच वळणावर फिरतो आहे : हा खेळ बुद्धीचा की नशिबाचा? १९६७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावे लागते, कोणता धरायचा नि कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, असे कारण दिले. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा मानला गेला. बोरिवली लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमी लावणाऱ्यांना हे ठाऊक असते तर त्यांच्या आवाजाला आणखी धार आली असती.

पोकर या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही नाव घेऊन जुगारातून वगळले. उलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकर हा जुगारच असल्याचे म्हटले. आपल्या महाराष्ट्राची तऱ्हा निराळी. १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्दही करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे हातात धरून शेवटी न खेळता टाकलेला पत्ता!

मला मात्र कौशल्य आहे की नाही यापेक्षा ते नेमके कशात आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर घोड्यांच्या शर्यतीतून आले.

१९७३ साली डेव्हिड हारव्हिल या संख्याशास्त्रज्ञाने अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. प्रत्येक घोड्याची पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसरा-तिसरा येण्याची कशी काढावी? त्याची रीत साधी होती : पहिला आलेला घोडा शर्यतीतून काढून टाका आणि उरलेल्यांत तोच हिशेब पुन्हा मांडा. १९८७ साली मेसन मालमथ याने ‘गॅम्बलिंग थिअरी अँड अदर टॉपिक्स’ या पुस्तकात हाच विचार पोकरच्या स्पर्धेला लावला. घोड्यांच्या जागी खेळाडू, आणि पहिला येण्याची शक्यता म्हणजे टेबलावरच्या एकूण चिप्समधला ज्याचा त्याचा वाटा. बस्स.

आता टेबल समजून घेऊ. दहा जण प्रत्येकी १०० रुपये भरतात. सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. ज्याच्या संपल्या तो बाहेर. पहिल्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २०० रुपये, बाकी सात जण हात हलवत घरी. ब्लाइंड, म्हणजे आपल्या बूटसारखी पण आळीपाळीने दोघांनीच भरायची सक्तीची रक्कम, दर काही मिनिटांनी वाढत जाते. त्यामुळे नुसते बसून राहता येत नाही. चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीच्या आसपास आल्या की दोनच चाली खऱ्या अर्थाने उरतात : सगळे लावा, नाहीतर पॅक.

पहिल्याच डावात मी सगळ्या चिप्स लावून एकाला बाहेर काढले, तर माझ्या चिप्स दुप्पट होतात. पण बक्षिसातला माझा वाटा? हारव्हिलच्या रीतीने तो १०० वरून २०० होत नाही, सुमारे १८४ होतो. चिप्स दुप्पट, पैसे नाहीत. कारण सगळ्या चिप्स जिंकल्या तरी हाती ५००च येणार, हजार नव्हे. म्हणून नाणेफेकीसारखा बरोबरीचा डाव इथे तोट्याचा असतो. जिंकण्याची खात्री शंभरात ५४ च्या वर असेल तरच हात घालावा.

खरी गंमत चौघे उरल्यावर. समजा चौघांकडे सारख्या चिप्स आहेत, म्हणजे प्रत्येकाचा वाटा २५० रुपये. एकाने सगळे लावले आणि मी त्याला भिडलो. जिंकलो तर माझा वाटा सुमारे ३८३ होतो, हरलो तर शून्य. म्हणजे ६५ टक्क्यांहून अधिक खात्री हवी. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध शंभरात साधारण ६५ वेळा जिंकतात. टेबलावर आधीच पडलेले ब्लाइंड बाजूला ठेवले, तर एवढा देखणा हातसुद्धा इथे जेमतेम काठावर पोचतो. आणि त्या वेळी जे दोघे पॅक म्हणून नुसते बघत बसले, त्यांचा वाटा २५० वरून ३०८ होतो. भांडण दोघांचे, फायदा गप्प बसलेल्यांचा. यातूनच डावपेच निघतो : शेवटच्या चौघांत स्वतः आधी सगळे लावणारा समोरच्याला हा कठीण प्रश्न घालतो, आणि भिडणारा तो स्वतःवर ओढवून घेतो. पुढाकार घ्या, पण दुसऱ्याच्या पुढाकाराला उत्तर देताना हात आखडता ठेवा.

२०१० नंतरच्या काही वर्षांत भारतीय संकेतस्थळांवर अशा स्पर्धा सर्रास मिळू लागल्या, तेव्हा मी बोरिवलीला राहायला गेलो होतो. नोकरीवरून आल्यावर, जेवण उरकून, रात्री एक टेबल. एका वहीत हे सगळे आकडे मी हाताने काढले होते. शाळेत गणित आवडायचे त्याचे हे म्हातारपणीचे पांग, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

खालच्या मजल्यावरचा एक मुलगा अंधेरीला रात्रपाळी करी. त्याला ती वही दाखवली. आठवड्याभरात त्याने माझ्यापेक्षा चोख हिशेब करायला सुरुवात केली. कधी पॅक करायचे हे त्याला अचूक कळे. मग तो एका वेळी चार टेबले लावू लागला, पुढे आठ. माझ्या वहीत एक आकडा नव्हता. शंभराच्या टेबलावर वर दहा रुपये फी गृहीत धरा : दहा जणांनी ११०० भरले आणि वाटले गेले १०००. सगळे सारखेच हुशार असतील तर प्रत्येक जण दर टेबलामागे दहा रुपये हरतोच. टेबले आठ केली की हा तोटाही आठपट वेगाने चालतो. आणि जो उत्तम खेळतो त्यालाही महिनोन्महिने उलटे पत्ते येऊ शकतात. तेवढ्या काळात तग धरायला लागणारे पैसे त्याच्याकडे नव्हते. बहिणीच्या लग्नाची मुदतठेव होती.

एका रविवारी त्याचे वडील वर आले. चहा घेतला नाही. ‘‘तुम्ही शिकवलंत ना त्याला?’’ एवढेच विचारले. मी हो म्हणालो. पुढे सांगण्यासारखे बरेच होते, फी, चढउतार, सगळेच, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. मी खेळणे त्या महिन्यात थांबवले.

त्यानंतर सरकारने दोन वेळा हात घातला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने खात्यात भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, नुसत्या फीवर नव्हे. इतका कर सोसून टेबलावर नफा काढण्याएवढे कौशल्य मला तरी कुणात दिसले नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याची व्याख्या मी दोनदा वाचली : खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून खेळला तर तो पैशांचा खेळ. १८८७ पासून चाललेला वाद एका वाक्यात बाजूला सारला गेला. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे मला योग्य वाटते. त्या वडिलांना काय वाटले असेल, ते मात्र विचारायचे धाडस झाले नाही.

तो मुलगा आता ठाण्याला असतो. बहिणीचे लग्न दोन वर्षे उशिरा, पण झाले. गणपतीत आला होता. आरती झाल्यावर प्रसाद हातात घेऊन जिन्यात मला म्हणाला, ‘‘काका, ती वही आहे का हो अजून?’’ मी नाही म्हणून सांगितले. वही कपाटात होती. वरचे आकडे तिच्यातूनच उतरवले आहेत, फीचा तेवढा नव्याने घातला.