लॅपटॉप सक्तीने बंद केल्यानंतर पडद्यावर येणारे दोष : कारणे, निदान आणि दुरुस्ती

स्वामीमलै (जि. तंजावर, तमिळनाडू) : काम चालू असताना लॅपटॉप गोठला की चालू-बंदचे बटण दाबून धरून तो बंद करणे, हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर मात्र पडद्यावर रेघा उमटतात, चित्र लुकलुकते, अक्षरे अवाढव्य दिसतात किंवा पडदा काळाच राहतो. अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी आज्ञावलीतील गोंधळामुळे उद्भवतात आणि घरच्या घरी दूर होतात. काहींचे मूळ पॅनेल, केबल किंवा ग्राफिक्स चिपमध्ये असते. यांतील नेमके कोणते कारण आहे, हे बहुधा दहा मिनिटांच्या तपासणीत कळते. ती न करता पडदाच बदलून घेतल्यास हजारो रुपये वाया जाऊ शकतात.

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर असलेले स्वामीमलै हे मुरुगनाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक आणि पंचलोहाच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव. येथील मूर्तींना भौगोलिक मानांकन लाभले आहे. मूर्तीचे प्रमाण नारळाची पात दुमडून ठरवण्याची रीत येथे टिकून आहे. दूरच्या ग्राहकाला छायाचित्र पाठवणे, दर कळवणे, देयके करणे ही कामे मात्र संगणकावर होतात. अशा गावात वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी निकामी असली, तर बटण न दाबताही यंत्र 'सक्तीने' बंद होते. आज्ञावलीच्या दृष्टीने या दोन्ही प्रकारांत फरक नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला वीज जाण्याचा अनुभव चांगलाच आहे. 16 नोव्हेंबर 2018 रोजी पहाटे 'गज' चक्रीवादळ नागपट्टिनम-वेदारण्यम किनाऱ्यावर धडकले, तेव्हा तंजावरसह आसपासच्या जिल्ह्यांत हजारो खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. महानगरेही यातून सुटत नाहीत. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, लोकल गाड्या थांबल्या आणि ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

तमिळनाडूत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राज्य सरकारने सप्टेंबर 2011 मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. अशा योजनांतील जुनी यंत्रे अनेक घरांत धाकट्या भावंडांकडे जातात. लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी काही वर्षांत क्षीण होते, आणि बॅटरी संपलेला लॅपटॉप म्हणजे यूपीएस नसलेला टेबलावरचा संगणकच होय. प्लग सैल झाला तरी तो बंद पडतो.

बटण दाबून धरल्यावर काय होते

संगणकांच्या वीजव्यवस्थापनाच्या सर्वमान्य मानकानुसार बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून ठेवले की यंत्र आज्ञावलीला न विचारता वीज तोडते. काही यंत्रांत त्यासाठी दहा सेकंद किंवा अधिक काळ लागतो. त्या क्षणी रॅममधील सर्व काही नष्ट होते. डिस्कवर लिहिण्यासाठी रांगेत असलेली माहितीही त्यात जाते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी-4 या फाइलप्रणाली आपल्या नोंदवहीच्या आधारे रचना सावरून घेतात. परंतु ही नोंदवही मुख्यतः सांगाडा वाचवते. अर्धवट लिहिलेल्या फाइलमधील मजकुराची हमी ती देत नाही. ती फाइल ग्राफिक्स ड्रायव्हरची असेल, विशेषतः अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली असेल, तर पुढच्या वेळी चित्र बिघडते. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधला दुभाषा. तो उपलब्ध नसला की विंडोज एका साध्या, सर्वसामान्य ड्रायव्हरवर काम भागवते. मग चित्र ताणलेले दिसते, उजेड कमी-जास्त करण्याची सोय नाहीशी होते आणि बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही.

पडद्याच्या काचेला मात्र सक्तीने बंद केल्यामुळे सहसा इजा होत नाही. येथे कार्यकारणाचा क्रम तपासणे फार महत्त्वाचे ठरते. पुष्कळदा ग्राफिक्स चिप तापल्यामुळे किंवा ड्रायव्हर अडकल्यामुळेच यंत्र गोठलेले असते. वापरकर्ता त्यानंतर बटण दाबतो आणि दोष बटणाला देतो. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये याचा पुरावा सापडतो. 41 क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद आणि 6008 क्रमांकाची नोंद यंत्र अनपेक्षितपणे बंद झाल्याचे सांगते. त्यांच्या आधी 4101 क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो पुन्हा सुरू करावा लागला, असा तिचा अर्थ. अशा वेळी उपाय ड्रायव्हरवर आणि उष्णतेवर करायला हवा.

उष्णतेचा मुद्दा स्वामीमलैसारख्या ठिकाणी गौण नाही. मूर्तीला कानस लावताना आणि झिलई देताना उडणारी धातूची बारीक पूड वीजवाहक असते. ती पंख्याच्या जाळीतून आत गेल्यास हवा कोंडते आणि परिपथात लघुपरिपथन होण्याचा धोकाही राहतो. लॅपटॉप भट्टीपासून आणि घासकामाच्या जागेपासून दूर, शक्य तर वेगळ्या खोलीत असावा.

दोष कोठे आहे

पहिली पायरी दुरुस्तीची नाही, माहिती वाचवण्याची आहे. पडदा अंधूक असला तरी यंत्र चालू होत असेल, तर एचडीएमआय केबलने ते घरच्या टीव्हीला जोडावे आणि प्रकल्प, हिशेब, छायाचित्रे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. साध्या ग्राहकोपयोगी एसएसडीमध्ये अचानक वीज गेल्यास तग धरणारे संधारित्र बहुधा नसते. वारंवार असे घडले तर पडद्याआधी माहितीच हातची जाऊ शकते.

टीव्ही जोडल्याने निदानही होते. चित्र तेथे स्वच्छ आणि लॅपटॉपवर खराब असेल, तर संशय पॅनेलवर, त्याच्या केबलवर किंवा बिजागरीवर जातो. दोन्हीकडे सारखाच दोष असेल, तर ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिप. दुसरी चाचणी याहून सोपी आहे : बिघडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहावा. रेघा त्या चित्रातही असतील, तर त्या यंत्राच्या आत तयार होत आहेत. नसतील, तर चित्र बरोबर आहे आणि पडद्यापर्यंतच्या वाटेत बिघडते आहे. यंत्र सुरू होताना कार्यप्रणाली येण्यापूर्वी, निर्मात्याचे बोधचिन्ह किंवा बायोसचा पडदा दिसतो तेव्हाच रेघा असतील, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. झाकण हळूहळू पुढे-मागे केल्यावर दोष येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल झाली आहे किंवा झिजली आहे. काळ्या पडद्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावा. पुसट चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे आणि केवळ मागचा दिवा विझला आहे.

लुकलुकण्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एक कसोटी दिली आहे. टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. बाकी पडद्याबरोबर तोही लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर दोषी. तो स्थिर राहून बाकी सारे लुकलुकत असेल, तर एखादे ॲप्लिकेशन सुसंगत नाही.

दुरुस्तीचा क्रम

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. क्षणभर पडदा चमकतो, बहुधा एक बारीक ध्वनी होतो आणि उघडी कामे जागेवर राहतात. पडदा गोठल्यावर बटणाकडे हात जाण्याआधी हा प्रयोग करावा, कारण अनेकदा सक्तीने बंद करण्याची वेळच त्यामुळे टळते.

त्याने भागले नाही, तर चार्जर आणि बाहेरची सर्व उपकरणे काढून, बॅटरी निघत असल्यास तीही काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आतील उरलासुरला भार निघून जातो आणि वीज सांभाळणारा नियंत्रक पूर्वस्थितीला येतो. काळ्या पडद्याच्या तक्रारीत हा उपाय साधा असूनही गुणकारी ठरतो.

त्यानंतर 'रीस्टार्ट' करावे. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असा समज आहे; तो 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून खरा राहिलेला नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना शट डाउन केल्यास प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. बिघडलेली अवस्थाही तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने भरले जाते.

दोष तरीही टिकला, तर सेफ मोडमध्ये जावे. शिफ्टची कळ दाबून ठेवून रीस्टार्ट निवडल्यास त्याचा मार्ग खुला होतो. तेथे पडदा स्वच्छ दिसला, तर दोष ड्रायव्हरचा, हे जवळपास निश्चित होते. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा किंवा काढून टाकून लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'ड्रायव्हर दुरुस्त करून देतो' म्हणणारी फुकट ॲप्लिकेशने टाळलेली बरी. ती बहुधा नको ते सोबत आणतात. प्रणालीच्या इतर फाइलींसाठी सिस्टिम फाइल चेकर आणि डिस्कसाठी चेकडिस्क ही विंडोजमधलीच साधने पुरेशी आहेत.

पडदा इतका बिघडला असेल की काहीच निवडता येत नाही, तर यंत्र सुरू होत असतानाच दोन-तीन वेळा बंद केल्यास विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर येते. सक्तीने बंद करण्याचा हा उपयोग मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात सांगितलेला आहे, पण तो शेवटचाच उपाय आहे. या टप्प्यावर बिटलॉकर 48 अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते. ती वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. ती कोठे आहे हे आधीच पाहून ठेवावे, अन्यथा पडदा दुरुस्त होऊनही कुलूप उघडत नाही.

लिनक्सवर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' हा पर्याय जोडल्यास साध्या चित्रावर काम सुरू करता येते. मॅकमध्ये जुन्या इंटेल यंत्रांसाठी एनव्हीरॅम पूर्ववत करण्याची सोय आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील यंत्रांना रीस्टार्ट पुरतो.

मराठी आणि तमिळ वापरणाऱ्यांना एक वेगळा प्रकार चकवतो. पडदा ठीक असतो, पण अक्षरांच्या जागी चौकोन किंवा विस्कटलेली जोडाक्षरे दिसतात. अर्धवट लिहिली गेलेली फॉन्ट कॅशे हे त्याचे एक कारण असते. विंडोजची फॉन्ट कॅशे सेवा थांबवून तिच्या साठवणीतील फाइली पुसल्या आणि यंत्र रीस्टार्ट केले, की प्रणाली ती नव्याने बांधते. पडद्याच्या दुरुस्तीचा याच्याशी संबंध नाही.

दुकानात नेण्यापूर्वी

तळ फुगलेला, टचपॅड वर आलेले किंवा झाकण नीट न मिटणारे यंत्र तत्काळ बंद करून चार्जरपासून दूर ठेवावे. फुगलेली लिथियम बॅटरी आग पकडू शकते. ती टोचू किंवा दाबू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. इतर बाबतीत, केबलचा दोष असताना पूर्ण पॅनेलचा खर्च सांगितला जात असेल, तर टीव्ही आणि स्क्रीनशॉटच्या चाचण्यांचा निष्कर्ष दुकानदारासमोर ठेवावा, जुना भाग परत मागावा आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती आणि सुट्या भागांसंबंधीची माहिती मिळते. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 हा आहे.