छान आहे, लगे रहो!

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. निमित्त एका मित्राचं.

तर झालं असं. आमच्या सोनिवलीतल्याच एका मित्राच्या बँडचा पहिला अल्बम आला. आता अल्बम म्हणायचं, पण गाणी पाचच, एकूण बावीस मिनिटं. बदलापूरला लोकल पकडली की डोंबिवलीच्या आसपास संपतो. मराठी रॉक आहे. दोन वर्षं ही पोरं एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगून वाजवत होती. त्याने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "ऐकून सांग रे. खरं खरं सांग." मी दोन गाणी ऐकली, तिसरं अर्धं ऐकलं आणि उत्तर पाठवलं, "छान आहे! लगे रहो!" पुढे एक गिटारचं चित्र. संध्याकाळी त्याचा एकच प्रश्न आला, "तू ऐकलंस तरी का?"

काय उत्तर देणार? ऑफिसमध्ये तर आपण हे रोज करतो. कुणाचा तरी चारशे ओळींचा कोड रिव्ह्यूला येतो, आपण वरवर नजर टाकतो आणि 'लुक्स गुड टू मी' लिहून मोकळे होतो. पण तिथे निदान दोन वर्षांच्या गोधड्या नसतात.

मग या शनिवारी बसून जरा इतिहास खणला. नव्या गाण्यांवर मत देणारे लोक जगात आहेतच. त्यातले कित्येक त्याच वर्तुळात वावरणारे. ज्याच्यावर लिहायचं तो उद्या समोर भेटणार. या लोकांनी कसं निभावलं असेल?

आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण मला रॉकच्या खूप आधीचं सापडलं, केशवराव भोळ्यांचं. १८९६ साली अमरावतीला जन्म. डॉक्टर व्हायला मुंबईत आले आणि शिक्षण सोडून गाण्यात शिरले. (इंजिनिअरिंग करून गिटार उचलणाऱ्यांनी आपण पहिले आहोत असं समजू नये!) भोळे समीक्षा लिहायचे ती टोपणनावांनी, 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग'. १९३३ साली त्यांचं 'आजचे प्रसिद्ध गायक' हे पुस्तक आलं. नावातला 'आजचे' हा शब्द बघा. दिवंगत थोरांवर लिहिणं सोपं असतं, ते भांडायला येत नाहीत. हा माणूस मैफली गाजवत असलेल्या, हयात गायकांवर लिहीत होता.

टोपणनाव का घेतलं असेल, यावर संगीताचे अभ्यासक काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्यातली सोय लगेच कळली. मलाही मित्राला 'एकलव्य' नावाने उत्तर पाठवता आलं असतं तर बरं झालं असतं. :)

पण भोळ्यांची खरी गंमत पुढे आहे. त्याच १९३३ साली, जुलैच्या पहिल्या तारखेला, नाट्यमन्वंतर संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं. संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि काम करणाऱ्यांत त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. जुन्या संगीत नाटकात पदांवर पदं आणि वन्समोअरवर वन्समोअर चालायचे. इथे गाणी मोजकीच आणि आटोपशीर, भावगीताच्या वळणाची. त्या काळचं हे पॉपच म्हणा ना. म्हणजे ज्या वर्षी दुसऱ्यांच्या गाण्यावरची मतं पुस्तकात छापली, त्याच वर्षी या माणसाने स्वतःचं नवं गाणं लोकांसमोर ठेवलं. घ्या, आता तुम्ही बोला! पुढे प्रभातमध्ये 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) यांचं संगीतही त्यांचंच. 'कुंकू'मध्ये तर शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्लिश कविता आहे. १९३७ साली, पुण्यात!

टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असा समीक्षक रॉकमध्येही सापडतो, पण त्याची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने संपते.

रॉकच्या अल्बमवर गंभीरपणे लिहायची पद्धत तशी अलीकडची. १९६६ साली अमेरिकेत पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने 'क्रॉडॅडी' हे मासिक काढलं. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'रोलिंग स्टोन' सुरू झालं. त्याच 'रोलिंग स्टोन'मध्ये १९६९ च्या मार्चमध्ये जॉन मेंडेलसनने एका नव्या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम झोडपला. जेफ बेकच्या बँडने जे आधीच केलंय त्याहून वेगळं किंवा बरं यांच्याकडे काही नाही, असा एकूण सूर. बँडचं नाव लेड झेपलिन!

मेंडेलसनचाही स्वतःचा बँड होता, ख्रिस्तोफर मिल्क. त्यांचा अल्बम १९७२ साली आला आणि काही चालला नाही. त्याच १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आपल्या मुंबईत होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत त्यांनी वाजवलं आणि इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला मात्र २०१५ उजाडलं.

हे वाचून मेंडेलसनला हसायचा मोह होतो. आधी मीही हसलो. मग लक्षात आलं की या माणसाने अल्बम निदान ऐकला होता. कुठलं गाणं का पटलं नाही आणि तुलना कशाशी केली, हे सगळं लिहून खाली नाव दिलं होतं. तो चुकला हे आज आपण म्हणू शकतो, कारण त्याने चुकण्याइतकं काहीतरी म्हटलं होतं. माझ्या 'लगे रहो'मध्ये चुकायला जागाच नव्हती.

लेस्टर बँग्जचं तर त्याहून भारी आहे. १९६९ साली याने 'रोलिंग स्टोन'मध्ये डेट्रॉइटच्या 'एमसी५' या बँडचा पहिला अल्बम उडवून लावला. पुढे हाच माणूस त्या बँडचा भक्त झाला आणि नोकरीला गेला तोही डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात. मत बदलायला आधी मत असावं लागतं, एवढाच मुद्दा. याची किंमतही त्याने मोजली. संगीतकारांचा मान राखत नाही, या कारणावरून १९७३ साली 'रोलिंग स्टोन'ने त्याचं लिखाण घेणं बंद केलं.

आता परत मुंबईत येऊ. इथला प्रश्न वेगळा होता. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं. तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. अशात १९८८ साली रॉक मशीनने स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. (हेच लोक १९९३ साली इंडस क्रीड झाले.) १९९३ सालीच अलाहाबादहून अमित सहगलने 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं आणि देशी बँडवर नियमित लिहिणारं एक मासिक मिळालं. १९९७ पासून याच मासिकाने 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव भरवायला घेतला.

इथेच खरी मेख आहे. ज्या बँडला आपण स्टेज देतो, त्याच्याच अल्बमबद्दल मत द्यायचं. सहगलला लोक प्रेमाने 'पापा रॉक' म्हणायचे. २०१२ साली गोव्यात त्याचं निधन झालं, तेव्हाही तो याच नावाने आठवला गेला. आता विचार करा, घरातल्या पापांनी पोराच्या प्रगतिपुस्तकावर किती कडक शेरा मारायचा? यात त्यांना दोष नाही. शेत एवढंसं असलं की पेरणारा आणि पारखणारा एकच निघतो. २००८ साली मुंबईतून 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती सुरू झाली, तरी वर्तुळ काही फार मोठं झालं नाही. आणि मराठी रॉकचं वर्तुळ तर आमच्या बदलापूर लोकलच्या एका डब्यात मावेल.

पूर्वी रिव्ह्यूचा एक सरळ उपयोग होता. कॅसेटला पैसे पडायचे, तेव्हा घ्यावी की नाही हे विचारायला कुणीतरी लागायचं. आता गाणं फुकट किंवा जवळपास फुकट आहे, दहा सेकंदांत कळतं आवडलं की नाही. मग रिव्ह्यू हवा कुणाला? मला वाटतं, आता तो ऐकणाऱ्यापेक्षा गाणाऱ्याला जास्त हवा आहे. आपलं गाणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, एवढं त्याला कळायला हवं. आणि त्याचा पुरावा 'छान'मध्ये नसतो, तो तपशिलात असतो.

म्हणून सोमवारी सकाळी गाडीत बसलो, कानात हेडफोन घातले आणि पाचही गाणी एका दमात ऐकली. संध्याकाळी परत येताना पुन्हा. मग घरी येऊन मित्राला लिहिलं: तिसऱ्या गाण्यात ड्रम्स आवाजावर चढतात, तुझे शब्दच कळत नाहीत. चौथ्याची चाल पहिल्याचीच आहे, फक्त संथ केलीय. पाचवं मात्र ठाकुर्लीला संपलं आणि मी डोंबिवलीपर्यंत पुढचं काही लावलं नाही.

रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं. तिसऱ्याबद्दल तो कडाडून भांडलाय. ड्रम्स मुद्दामच तसे ठेवलेत म्हणे. चौथ्याबद्दल काही बोलला नाही. उद्या, रविवारी, खोलीवर बोलावलंय, "समोर ऐकवतो, मग बोल."

जातोय. तिसऱ्याबद्दल कदाचित माझंच चुकलं असेल. बघू.