लाकडी वाडगा आतून कोरताना



नारळ खवायला आपण विळीची धार वापरत नाही, विळीच्या टोकाची खवणी वापरतो. धार कितीही चांगली असली तरी वाटीच्या आत ती टेकत नाही. वाटी आतून गोल, म्हणून टोकही गोल लागते. लेथवर फिरणाऱ्या लाकडातून वाडगा किंवा कुंकवाचा करंडा आतून कोरायचा तर कोणते हत्यार घ्यायचे, हा प्रश्न याच जातीचा आहे. आज आम्ही त्याची जपानमधली हकिगत सांगणार आहोत. तिच्यात एक सम्राज्ञी आहे, आणि दोर ओढणाऱ्या पुष्कळ बायका आहेत.

सम्राज्ञीचे नाव शोतोकु. ७६४ साली तिच्या राज्यात बंड झाले. ते मोडल्यावर तिने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करण्याचा हुकूम दिला. ७७० साली काम पुरे झाले आणि दहा देवळांना एकेक लाख स्तूप वाटले गेले. उंची कळसासकट जेमतेम वीतभर. प्रत्येक स्तूप लेथवर कातलेला आणि वरून आत पोकळ, त्या पोकळीत छापील मंत्राची गुंडाळी, वर कळसाचे बूच. या गुंडाळ्या जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत मोडतात, म्हणून ग्रंथांचे अभ्यासक कागदाबद्दल भरभरून लिहितात. आम्हाला मात्र त्या भोकाचे कौतुक जास्त वाटते. तोंड अरुंद, आत खोली, आणि हे दहा लाख वेळा! होर्यूजी देवळात आजही पंचेचाळीस हजारांवर स्तूप आहेत. कित्येकांच्या तळाशी शाईने तारीख आणि कारागिराचे नाव लिहिलेले आढळते.

जपानमधल्या कातारी लोकांना किजिशी म्हणतात. नवव्या शतकातल्या कोरेताका नावाच्या राजपुत्राने आपल्याला लेथ शिकवला, असे ते सांगत आले. पण स्तूप त्याच्या जन्माच्या आधीचे आहेत. डोंगरात भटकणाऱ्या, चांगले झाड मिळेल तिथे बिऱ्हाड थाटणाऱ्या लोकांना राजघराण्याशी नाते सांगितल्याने झाडे तोडायचा हक्क मागता येत होता, हे लक्षात घेतले की दंतकथेचा उपयोग कळतो.

आता हत्यार. वाडग्याची बाहेरची बाजू कातायला सरळ पात्याचे हत्यार चालते. आत शिरले की दोन अडचणी येतात. पहिली लांबीची. हत्याराला आधार देणारी आडवी पट्टी वाडग्याच्या तोंडाबाहेर राहते आणि टोक आत जाते. टोक आधारापासून जितके दूर, तितका मुठीवर जोर येतो आणि हत्यार थरथरते. म्हणून खोल भांड्याला जाड दांड्याचे, लांब मुठीचे हत्यार हवे. दुसरी अडचण रेषांची. यामानाका गावात, जिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस किजिशी येऊन राहिले, ओंडक्याच्या आडव्या चकत्या पाडतात आणि वाडग्याचे तोंड झाडाच्या वाढीच्या दिशेला ठेवतात. असा वाडगा कमी वाकतो, भिंत पातळ करता येते. पण आत कोरताना धार लाकडाच्या धाग्यांच्या टोकांवर येते. तिथे नुसते खरवडले तर धागे उपटून येतात, पृष्ठभाग केसाळ होतो. आकडीसारखे वळवलेले धारदार टोक असेल तर ते धागा कापते. हात मधून काठाकडे न्यायचा, म्हणजे प्रत्येक धाग्याला मागच्या धाग्याचा टेका मिळतो. अरुंद तोंडाच्या डबीला मोठी आकडी आतच जात नाही. तिथे बारीक आकडी घ्यायची आणि वेळ लागतो म्हणून कुरकुर करायची नाही.

अशी नेमकी आकडी बाजारात मिळत नाही. किजिशी पोलादाची सळई भट्टीत लाल करून स्वतः ठोकतो, वाकवतो, धार लावतो. तिला ते कान्ना म्हणतात.

पण हत्याराची निवड त्याच्या एकट्याची नव्हती. लेथच्या दांड्याला दोर गुंडाळलेला असे. समोर जमिनीवर बसून त्याची दोन टोके आलटून पालटून ओढायची, की लाकूड एकदा सुलट, एकदा उलट फिरे. हे काम बहुधा किजिशीची बायको करी. रुंद आकडीने जाड सालपट निघते आणि दोराला तेवढाच जोर लागतो. बारीक आकडीने ओढणे हलके होते, पण दिवस लांबतो. ती दमली असेल, पोटुशी असेल, तर कोणती आकडी उचलायची हे तिच्या दंडांवर ठरत असणार, असे आम्हाला वाटते. जात्यावर समोरासमोर बसलेल्यांना हे सांगायला नको. एकीचा हात ढिला पडला की दुसरीला लगेच कळते.

१८८०च्या दशकात ईशान्येकडच्या गरम झऱ्यांच्या गावांत पायाने चालवायचा लेथ आला. एक माणूस पुरे झाला. बाईच्या दंडांना विश्रांती मिळाली, आणि लेथसमोरची तिची जागाही गेली.

यामानाकात १९९७ पासून इशिकावा प्रांताची लेथकामाची शाळा आहे. तिथे कातण्याबरोबर हत्यारे घडवायलाही शिकवतात. तिथून शिकून निघालेल्या काही जणी आज आपले वाडगे आपणच कोरतात, सळई भट्टीत घालण्यापासून.